शिक्षकांचे शिकणे आणि मोबाईल : बीड जिल्ह्यातला अनुभव

शिक्षकाचे प्रशिक्षण दोन टप्प्यांत होते. नोकरीआधी डी.एड. किंवा बी.एड. करताना मिळते ते सेवापूर्व, आणि नोकरी लागल्यापासून निवृत्तीपर्यंत चालू राहते ते सेवांतर्गत. पहिला टप्पा दोनेक वर्षांत आटोपतो, दुसरा तीस-पस्तीस वर्षे पुरवावा लागतो. १९९५ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाचा विचार केला तर हे लगेच पटते. पहिलीपासून इंग्रजी हा विषय महाराष्ट्रात २००० साली आला. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि त्यापाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. ज्ञानरचनावाद, सेमी-इंग्रजी, क्यूआर कोड छापलेली पुस्तके, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान हेही त्याच्यापर्यंत नोकरीच्या काळातच आले. यातले काहीही त्या शिक्षकाच्या डी.एड.च्या अभ्यासक्रमात नव्हते. त्याने ते नोकरी करता करताच उचलले, किंवा उचलले नाही.

हे उचलणे सोपे व्हावे म्हणून आकाशवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह, संगणक आणि आता मोबाईल ही साधने वेळोवेळी वापरली गेली. या सगळ्यांना मिळून माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान म्हणतात; शिक्षकांच्या बोलण्यात मात्र ‘आयसीटी’ हाच शब्द असतो. या नावातल्या ‘माहिती’ आणि ‘संप्रेषण’ या दोन्ही शब्दांना सारखाच मान आहे, प्रत्यक्षातल्या योजनांत तसा तो राहिलेला नाही. माहिती वरून खाली पोचवण्यावर भरपूर खर्च आणि कष्ट झाले. शिक्षकाने शिक्षकाशी बोलावे यासाठी त्या मानाने फार थोडे झाले, आणि ज्या गोष्टींनी वर्गात खरा फरक पडला त्यातल्या बऱ्याच या दुसऱ्या बाजूच्या आहेत. बीड जिल्ह्याच्या अनुभवावरून हे चांगले दिसते.

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, तालुके ११, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार. उत्तरेला गोदाकाठचे गेवराई आणि माजलगाव, मधून बालाघाटची डोंगररांग, पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा कोरडा पट्टा, आणि आग्नेयेला परळी व अंबाजोगाई. शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची जबाबदारी असलेली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘डायट’, अंबाजोगाईला आहे. आष्टीहून अंबाजोगाई रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरात पडते. आष्टीच्या माणसाचा बाजारहाट अहिल्यानगरला, त्याच्या शिक्षकाचे प्रशिक्षण मात्र जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

अंतराचा प्रश्न नुसत्या एस.टी.च्या तिकिटाचा नाही. वाड्या-वस्त्यांवरच्या आणि तांड्यांवरच्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी असतात. एक शिक्षक पाच दिवस प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या अंगावर चार-पाच वर्ग येतात, आणि दोघांनाही एकाच वेळी बोलावणे आले तर शाळेला कुलूप लागते. प्रशिक्षणाने शिक्षक सुधारायचा आणि तेवढ्या काळात मुलांचे शिकणे बुडवायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. प्रशिक्षणात तंत्रज्ञान आणण्यामागचे सर्वांत सबळ कारण हेच, आणि ते मुंबई-पुण्यापेक्षा बीडला जास्त लागू पडते.

डायट ही १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची देणगी. १९८७ पासून देशभर प्रत्येक जिल्ह्याला एक अशा या संस्था उभ्या राहू लागल्या. महाराष्ट्रात त्यांच्यावर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे आणि खाली तालुक्याचे गटसाधन केंद्र व दहा-बारा शाळांचे मिळून एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख. प्रशिक्षण या उतरंडीने खाली येते. पुण्यात राज्यस्तरीय तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याच्या तज्ज्ञांना शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात, उदाहरणे गळतात, प्रात्यक्षिकाच्या जागी भाषण येते. गावच्या शिक्षकापर्यंत पोचते ते चरकातून चौथ्यांदा काढलेल्या उसासारखे असते. शिवाय त्याला विचारायचे असते ते कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते दुसऱ्याकडून ऐकूनच माहीत झालेले असते.

समोरासमोरच्या प्रशिक्षणाचे एक नेटके उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. मूळचे बीड जिल्ह्याचे असलेले शांतिलाल मुथ्था यांनी सुरू केलेला ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम २००९ मध्ये जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत प्रथम राबवला गेला आणि पुढे राज्यभर नेण्यात आला. लोकशाही मूल्ये पाठांतराने नव्हे, तर कृतींतून मुलांपर्यंत न्यायची, आणि त्यासाठी शिक्षकांना आधी त्या कृती करायला लावायच्या, असे त्याचे स्वरूप. एकाच जिल्ह्यात काही वर्षे राहून शाळांचा पिच्छा न सोडणे ही यातली मोलाची गोष्ट. नंतरच्या अनेक डिजिटल योजनांत नेमकी तीच नव्हती.

भारतात शिक्षक-प्रशिक्षणासाठी तंत्रज्ञान वापरण्याचा पहिला मोठा प्रयोग उपग्रहाचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले आणि सुमारे ४८,००० शिक्षकांपर्यंत ते पोचले. महाराष्ट्र त्यात नव्हता. मराठवाड्याला लागून असलेला कर्नाटकातला गुलबर्गा मात्र होता. त्या काळाच्या मानाने या प्रयोगातला एक शहाणपणाचा भाग असा, की शिक्षकांना नुसते पडद्यासमोर बसवले नव्हते. जोडीला छापील साहित्य, रेडिओ आणि हाताने करायचे प्रयोग होते. पुढच्या पन्नास वर्षांत अनेकदा एवढेही भान राहिलेले दिसत नाही.

महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्याला ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. तिचे कार्यक्रम मुख्यतः मुलांसाठी होते, पण चांगला पाठ कसा उभा राहतो हे शिक्षकालाही त्यांतून दिसे. २०१७ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली. राज्यात मोबाईलवरच्या शैक्षणिक चित्रफितींची लाट उसळत असताना चित्रफिती बनवणारी सरकारची स्वतःची संस्था मोडीत निघावी, याला योगायोग म्हणायचे की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे.

संगणकाशी बहुसंख्य शिक्षकांची पहिली गाठ पडली ती प्रशिक्षणात नव्हे, सेवाशर्तीत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आला. शासकीय कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता बंधनकारक झाली, मुदतीत ती न मिळवणाऱ्यांची वेतनवाढ अडकली, आणि तालुक्याच्या गावोगावी निघालेल्या संगणक वर्गांत पन्नाशीतले शिक्षक आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून माऊस धरायला शिकले. त्यातून टंकलेखन, तक्ते, ईमेल आले. भूगोल किंवा अपूर्णांक शिकवायला संगणकाचा काय उपयोग, हा विषय त्या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेरचा होता. यंत्र चालवता येणे आणि यंत्राने शिकवता येणे या दोन गोष्टींची गल्लत तेव्हापासून रुजली.

हीच गल्लत टाळण्यासाठी युनेस्कोने शिक्षकांच्या आयसीटी क्षमतांचा एक आराखडा २००८ मध्ये तयार केला. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ ची. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर शिक्षक तंत्रज्ञान वापरून आहे तेच काम करतो. दुसऱ्या पायरीवर ते वापरून विषय अधिक खोलात नेतो. तिसऱ्या पायरीवर तो स्वतः नवे साहित्य व नव्या पद्धती निर्माण करतो आणि इतर शिक्षकांना शिकवतो. यातल्या तिसऱ्या पायरीची उदाहरणे महाराष्ट्रात साधारण २०१५ नंतर मोठ्या संख्येने दिसू लागली, आणि ती कुठल्या अभ्यासक्रमातून आलेली नव्हती.

२२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय निघाला. सरसकट सर्वांना एकच प्रशिक्षण देण्याची पद्धत मागे घेऊन शिक्षकाने मागितले तर प्रशिक्षण, आणि चांगले काम चालू असलेली शाळा प्रत्यक्ष जाऊन पाहणे, यांवर त्यानंतरच्या काळात भर देण्यात आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेने डिजिटल वर्ग कसा करावा हे दाखवले आणि लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब, टीव्ही संच घेण्याची चढाओढ गावागावांत सुरू झाली. बीडही तीत मागे नव्हता. ज्या गावातले निम्मे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्या गावाने शाळेसाठी वर्गणी काढावी, हे कौतुकाचे खरेच. वीजबिल थकल्यामुळे वीज तोडलेल्या शाळेत असा टीव्ही कपड्याने झाकून ठेवलेला दिसे, हीसुद्धा त्याच काळातली गोष्ट.

या लाटेने मराठीला ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्दप्रयोग दिला. तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा तालुक्या-तालुक्यांत झाल्या. चित्रफीत कशी बनवायची, यूट्यूबवर कशी चढवायची, चाचणी ऑनलाइन कशी घ्यायची, ब्लॉग कसा तयार करायचा, हे शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले. येथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच परिस्थितीतले होते. पट किती, वर्ग किती, वीज किती तास, हे एकमेकांना समजावून सांगावे लागत नव्हते. त्यातच ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, मोबाईल डाटा एकदम स्वस्त झाला आणि जे काम तालुक्याच्या सायबर कॅफेत जाऊन करावे लागे ते शाळेच्या ओट्यावर बसून होऊ लागले. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या इतिहासात शासन निर्णयांना मानाचे पान असते. दूरसंचार कंपन्यांच्या दरपत्रकाला ते कुणी देत नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे.

क्यूआर कोडची गोष्ट याच प्रकारातली. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवून त्यांमागे कविता, चित्रफिती, प्रश्न जोडले. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. एका खेड्यातल्या शिक्षकाने केलेली सोय राज्यभर जाते, म्हणजे उतरंड उलट्या दिशेनेही चालू शकते.

केंद्र सरकारने ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू केले. पाठ्यपुस्तकातला कोड मोबाईलने टिपला की त्या पाठाचे साहित्य दीक्षावर उघडते. तिथेच शिक्षकांसाठीचे अभ्यासक्रमही असतात. त्यांतला सर्वांत मोठा ‘निष्ठा’. ऑगस्ट २०१९ मध्ये तो समोरासमोरच्या प्रशिक्षणाने सुरू झाला; टाळेबंदी आल्यावर ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन झाला. प्राथमिक शिक्षकांसाठी १८ मॉड्यूल होती. पुढे माध्यमिक शिक्षकांसाठी दुसरी फेरी आणि पायाभूत साक्षरतेसाठी १२ मॉड्यूलची तिसरी फेरी झाली. मॉड्यूलची रचना ठरलेली असते. काही चित्रफिती, काही वाचायचा मजकूर, एखादी कृती आणि शेवटी प्रश्नावली. तीत ७० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र.

एवढ्या मोठ्या संख्येने, एवढ्या थोड्या काळात, मधल्या पायऱ्या गाळून थेट शिक्षकापर्यंत जाणारे प्रशिक्षण भारतात याआधी झाले नव्हते. आष्टीच्या शिक्षकाला आणि अंबाजोगाईच्या शिक्षकाला तीच चित्रफीत, तोच तज्ज्ञ, तोच मजकूर मिळाला. चरकाचा प्रश्न येथे सुटला. नवा प्रश्न आला तो असा, की मॉड्यूल सुरू होताच त्याची उत्तरे व्हॉट्सअॅपवर फिरू लागत. चित्रफीत आवाज बंद करून शेवटपर्यंत जाऊ द्यायची, उत्तरे टिपायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, ही युक्ती राज्यभर सगळ्यांना ठाऊक झाली. यासाठी शिक्षकांना आळशी ठरवणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेत वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात ‘किती जणांनी पूर्ण केले’ एवढाच रकाना असतो, ती व्यवस्था पूर्ण करण्यालाच उत्तेजन देणार, समजण्याला नव्हे. बहुपर्यायी प्रश्नावलीतून शिक्षकाला मजकूर आठवतो का ते कळते. सोमवारी वर्गात गेल्यावर तो काय वेगळे करतो हे तिला कळायला मार्ग नाही.

टाळेबंदीच्या काळातल्या तंत्रज्ञानाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये राज्य परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजची अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली. जुलैत ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली. नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवरची ‘स्वाध्याय’ योजना. हे सगळे मुलांसाठी होते, आणि तरीही त्याने शिक्षकांना जेवढे शिकवले तेवढे कुठल्याही मॉड्यूलने नाही. कारण यावेळी गरज खरी होती. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर शेतात जातो, तिथे पाठ कधी पाठवायचा? कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटांत भागाकार कसा मांडायचा? ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी पारावर, देवळात, ओट्यावर दहा-बारा मुलांचे गट कसे बसवायचे? ही उत्तरे शिक्षकांनी एकमेकांना विचारून शोधली, आणि विचारण्याचे साधन तेच, व्हॉट्सअॅपचा गट.

५ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार दिले गेले, तेव्हा महाराष्ट्राच्या तीन मानकऱ्यांपैकी दोघे बीड जिल्ह्याचे होते : गेवराई तालुक्यातल्या दामुनाईक तांडा येथील जिल्हा परिषद शाळेचे शशिकांत कुलथे आणि आष्टी तालुक्यातल्या पारगाव जोगेश्वरीच्या केंद्रीय प्राथमिक शाळेचे सोमनाथ वाळके. तिसऱ्या मानकरी मुंबईच्या खाजगी शाळेतल्या. एक तांड्यावरची शाळा आणि एक कोरड्या पट्ट्यातली, दोन्ही जिल्हा परिषदेच्या. वाळके हे संगीत आणि तंत्रज्ञान यांची अध्यापनाशी सांगड घालण्यासाठी ओळखले जातात. पुरस्कारांवरून जिल्ह्याच्या सर्व शाळांविषयी निष्कर्ष काढणे बरोबर नाही. तरी साधने अपुरी, रेंज अधूनमधून, अशा ठिकाणीही शिक्षक युनेस्कोच्या तिसऱ्या पायरीवर जाऊ शकतो, एवढे त्यातून सिद्ध होते.

बीडच्या शिक्षकाला काही प्रश्न असे पडतात, की ज्यांना राज्यस्तरीय मॉड्यूलमध्ये पान नसते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुले आईबापांबरोबर फडावर जातात, किंवा आजी-आजोबांपाशी गावातच राहून हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळेत येतात. शिक्षकापुढचे कोडे असे : नोव्हेंबरात वजाबाकी शिकत असताना गेलेला मुलगा एप्रिलमध्ये परत आला तर त्याला कुठून सुरुवात करून द्यायची? मधल्या काळात तो कोल्हापूर किंवा सांगलीच्या एखाद्या शाळेत बसला असेल, तर तिथे काय झाले? तांड्यावरून आलेल्या पहिलीच्या मुलाची घरची भाषा गोरमाटी असेल, तर पहिले दोन महिने त्याच्याशी कसे बोलायचे?

याचे उत्तर पुण्याकडे नसते, ते दुसऱ्या शिक्षकाकडे असते. स्थलांतरित मुलांसाठी राज्याने ‘शिक्षण हमी कार्ड’ आणले. मूल कितवीत आहे आणि कुठपर्यंत शिकले आहे हे नव्या शाळेला त्यावरून कळावे, हा हेतू. २०१७ च्या सुमारास ‘बालरक्षक’ ही शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणणाऱ्या शिक्षकांची चळवळ उभी राहिली, आणि तिच्या गटांमुळे हे कार्ड खऱ्या अर्थाने कामाला आले. टोळी कुठल्या कारखान्यावर गेली हे मुकादमाकडून काढायचे, त्या भागातल्या बालरक्षकाला फोन करायचा, मुलाचे नाव कळवायचे, आणि जमल्यास तिथल्या शिक्षकाशी दोन मिनिटे बोलून मूल कुठे अडते ते सांगायचे. याला कुणी व्यावसायिक विकास म्हणत नाही, त्याचे प्रमाणपत्र निघत नाही. पण अनुपस्थितीतून परतलेल्या मुलाचे निदान कसे करावे, हे शिक्षक यातूनच शिकतो. साधन केवढे, तर साधा फोन.

मग व्हॉट्सअॅपचे गट पुरेसे नाहीत का? नाहीत, आणि त्याचे कारण तंत्रज्ञानात नसून त्याच्या वापरात आहे. केंद्राचा जो गट अडलेला पाठ विचारायला उपयोगी पडला असता, त्यात सकाळपासून ‘तात्काळ’ असे लिहिलेली पत्रे, लिंका, भरायचे तक्ते आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदींच्या सूचना येतात. ‘सरल’, ‘युडायस’, ‘शालार्थ’ या संगणकीय प्रणालींची कामे शिक्षकाच्याच फोनवर, त्याच्याच डाट्यावर होतात. ज्या पडद्यावर हुकूम येतो त्याच पडद्यावर आपली अडचण उघड करायला माणूस कचरतो. त्यातून ज्या गटात गटशिक्षणाधिकारी आहेत, तिथे ‘मला अपूर्णांकांचा भागाकार शिकवता येत नाही’ असे कोण लिहील? खरी चर्चा होते ती अधिकारी नसलेल्या, विषयवार किंवा मित्रांनी काढलेल्या गटांत. महिला शिक्षकांच्या बाबतीत वेळेचा प्रश्न आणखी वेगळा असतो; ऑनलाइन सत्र संध्याकाळी सातला ठेवले, तर स्वयंपाकघरात फोन भिंतीला टेकवून ते ऐकावे लागते.

वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीचे प्रशिक्षण हा या सगळ्याचा चांगला नमुना. अनुक्रमे १२ आणि २४ वर्षे सेवा झालेल्या शिक्षकांना पुढची वेतनश्रेणी मिळण्यासाठी ते आवश्यक असते. २०२२ मध्ये ते इन्फोसिसच्या व्यासपीठावरून ऑनलाइन झाले आणि राज्यभरातून नव्वद हजारांहून अधिक शिक्षकांनी नोंदणी केली. तेवढ्या लोकांना बोलावून, बसवून, जेवू घालून प्रशिक्षण द्यायचे तर वर्षे लागली असती. २०२५ मध्ये मात्र हेच प्रशिक्षण पुन्हा समोरासमोर घेण्यात आले. संख्या गाठायची असेल तेव्हा ऑनलाइन आणि गांभीर्य हवे असेल तेव्हा सभागृह, असा हा लंबक आहे. दोन्ही एकत्र वापरण्याची सवय अजून लागायची आहे.

एकत्र वापरायचे म्हणजे काय, याला बाहेरच्या जगातल्या एका प्रयोगाने मदत होते. दक्षिण आफ्रिकेच्या मपुमलांगा प्रांतात प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या दोन गटांना सारखेच पाठ आराखडे देण्यात आले. एका गटाच्या वर्गात मार्गदर्शक प्रत्यक्ष जाऊन बसत. दुसऱ्या गटाला टॅबवर साहित्य आणि फोन-संदेशांवरून मार्गदर्शन मिळे. तीन वर्षांनंतर मुलांच्या प्रगतीत प्रत्यक्ष भेटींचा गट स्पष्टपणे पुढे होता. टॅब चालू होते, शिक्षक ते वापरतही होते. कमी होते ते वर्गात डोकावणारे माणूस.

महाराष्ट्रात हे माणूस कागदावर आहे. केंद्रप्रमुखाचे पद नेमके त्यासाठीच आहे, आणि केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याची शिक्षण परिषदही. राज्यात अशी ४,८६० केंद्रे. आष्टीच्या शिक्षकाला अंबाजोगाई दूर असेल, पण केंद्रशाळा मोटारसायकलवरून गाठता येते. शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन करण्याऐवजी एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गाची पाच मिनिटांची चित्रफीत दाखवावी, बाकीच्यांनी ती थांबवत थांबवत पाहावी, मूल कुठे अडखळले आणि शिक्षक कुठे घाईला आला ते बोलावे. महिनाभर तोच घटक सगळ्यांनी आपापल्या वर्गात घ्यावा आणि काय झाले ते गटावर टाकावे. त्या घटकावरचे दीक्षावरचे मॉड्यूल आधी घरी पाहून यावे, म्हणजे परिषदेचा वेळ व्याख्यानात जाणार नाही. यासाठी नवे व्यासपीठ, नवे अॅप, नवा निधी काहीही लागत नाही. लागतो तो चार तासांचा मोकळा वेळ आणि ज्या केंद्रप्रमुखाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार नाही असा केंद्रप्रमुख. अनेक वर्षे ही पदे मोठ्या प्रमाणावर रिकामी राहिली, आणि त्यांचा कार्यभार एखाद्या मुख्याध्यापकाकडे किंवा पदवीधर शिक्षकाकडे देऊन वेळ निभावली गेली. अॅप विकत घेता येते, पण पद भरायला निर्णय लागतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही शिक्षकांच्या फोनवर आली आहेत. पाठाचे टाचण, प्रश्नपत्रिका, गोष्टी ती मिनिटभरात लिहून देतात. टाचण लिहिण्याचे कंटाळवाणे काम त्यामुळे हलके होईल यात शंका नाही. मात्र टाचण लिहिता लिहिता शिक्षक पाठाचा विचार करतो, हाच टाचणाचा मूळ हेतू होता. तो विचार आता कधी करायचा, हे कुणीतरी ठरवायला हवे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. हे तास मोजायचे कसे, यावर पुढच्या काळातल्या पुष्कळ गोष्टी अवलंबून राहतील. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे तास मोजणे सर्वांत सोपे, कारण यंत्र ते आपोआप मोजते. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाचा वर्ग पाहायला घालवलेला दिवस, केंद्रशाळेत चित्रफीत थांबवून केलेली चर्चा, फडावरच्या मुलासाठी सांगलीच्या शिक्षकाशी झालेले बोलणे हे कुठल्याच डॅशबोर्डवर उमटत नाही. या गोष्टींना त्या ५० तासांत जागा द्यायची, तर केंद्रप्रमुखाच्या साध्या नोंदवहीतली नोंदही ऑनलाइन प्रमाणपत्राइतकीच ग्राह्य धरावी लागेल.